शंभर मिलिलिटरच्या वर

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, एवढ्यावरच मी पुढे लिहायचं धाडस करतेय. माझा फोन तू उचलणार नाहीस हे तुझ्या लेकीने मला चांगल्या शब्दांत सांगितलं, आणि मला जे सांगायचंय ते मेसेजच्या चार ओळींत मावणारं नाही. दहा दिवस झाले त्या गोष्टीला, पण माझं डोकं अजून ताळ्यावर नाही. लॅबमध्ये माझ्या टेबलावर मेण वितळत असतं, समोर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, आणि मी चिमट्यात दात धरून मनातल्या मनात त्या विमानतळावरच्या माणसांशी भांडत बसते. परवा एका आजोबांच्या कवळीत वरचे दोन दात अदलाबदल होऊन बसले. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आमचे डॉक्टर म्हणाले, बाई, राग घरी ठेवून येत जा. आता घरी मी एकटी. तिथे तो ठेवला तर त्याला सांभाळायचं कुणी?

तर आधी ऐकून घे, मग काय चिडायचं ते चीड. तुझा मेसेज आला, “महिनाअखेरीला निवृत्त होतेय. यायचं तर ये. विमानतळावर मी येईन,” तेव्हा मी लॅबच्या जिन्यात बसले होते. कोर्टात पस्तीस वर्षं लोकांची लांबलचक वाक्यं लघुलिपीत उतरवून घेतलीस, त्यामुळे स्वतःचं वाक्य तू नेहमी जपूनच खर्च करतेस. नऊ वर्षांनंतर तीन वाक्यं म्हणजे तुझ्या मानाने अघळपघळच झालं. त्याच दिवशी मी रजा टाकली आणि तिकीट काढलं. मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं होतं, पावणेदोन तासांचा अवधी. निघायच्या दिवशी चार तास आधी विमानतळावर जाऊन बसले. मोठी बॅग काउंटरवर दिली, ती थेट तुझ्या गावाला उतरणार होती. हातात पर्स आणि एक पिशवी, बस्स.

ड्युटी फ्रीच्या दुकानांकडे मी एरवी ढुंकूनही पाहत नाही. लखलखीत दिवे, वाटेत उभ्या राहून मनगटावर अत्तर फवारणाऱ्या मुली, आणि गेटकडे जायचा रस्ताच दुकानातून काढलेला, म्हणजे माणसाची सुटका नाही. पण त्या दिवशी एका फडताळावर मला ती दिसली. बुटकी, तपकिरी, गोल खांद्यांची बाटली. संत्र्याची ती गोड दारू. मी तिथेच थबकले, आणि मागून येणाऱ्या एका गृहस्थांची चाकांची बॅग माझ्या टाचेवर आली. त्यांनाही मी दोन शब्द सुनावले. सुरुवात तिथूनच झाली म्हण.

तुला आठवतच असेल. बाबांना कुणीतरी दिलेली ती बाटली त्यांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती, साहेब जेवायला येतील तेव्हासाठी. तू एकोणीसची, मी चौदाची. पहिल्यांदा तू एक झाकणभर चाखलीस, मग मी, मग पुन्हा तू. दोन महिन्यांत बाटली अर्ध्यावर आली आणि आपण ती कोऱ्या चहाने भरली. रंग कसा हुबेहूब जमला होता. मग साहेब आले. बाबांनी नव्या पेल्यांत ती ओतली, साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले की इतकी सौम्य चीज आपण आजवर चाखली नाही. बाबांनीही घोट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मला आजही जसाच्या तसा दिसतो. पाहुणे गेल्यावर त्यांनी आपल्याला समोर उभं केलं. तू एकदम म्हणालीस, मी एकटीने केलं. मी तुझ्यामागे उभी होते. तोंडाने आगाऊ म्हणून घरादारात माझं नाव ‘ठिणगी’ पडलेलं, पण त्या दिवशी माझ्या तोंडातून अक्षर फुटलं नाही. दोन महिने तुझं मैत्रिणींकडे जाणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना तू मला म्हणालीस, रडू नकोस, कमावत्या झालो की आपण आपली आख्खी बाटली आणू आणि चहाचा थेंब न घालता पिऊ. ते कधी झालंच नाही. तुझं लग्न झालं, मी इकडे आले, मग आईचं आजारपण. म्हणून त्या दिवशी मी ती बाटली उचलली.

दुकानातल्या मुलीला मी तीनदा विचारलं. मला पुढे विमान बदलायचंय, तिथे परत तपासणी होईल, ही बाटली जाऊ देतील ना? तिने तिन्ही वेळा त्याच सुरात सांगितलं की हो, जगभर हाच नियम आहे. तिने बाटली एका जाड पारदर्शक पिशवीत घातली, पावती बाहेरून वाचता येईल अशी आत ठेवली, वरची चिकटपट्टी ओढून पिशवी बंद केली आणि बजावलं की घरी पोचेपर्यंत उघडू नका. मी मान डोलावली. ताई, आता मला सांग, जगभर हाच नियम असेल, तर मग प्रत्येक विमानतळाला आपलं वेगळं डोकं कशाला असतं? एका ठिकाणी चपला काढा, दुसऱ्या ठिकाणी चपला राहू द्या, पट्टा काढा. शंभर मिलिलिटरपर्यंत क्रीम म्हणजे गरीब गाय, एकशे एकला ते घातक. मी रोज मोजपात्रात मिलिलिटर मोजून कवळ्यांचा लगदा कालवणारी बाई. मला कुणी मिलिलिटर शिकवू नयेत.

विमान बदलायच्या ठिकाणी उतरले तर इमारतीबाहेर पाऊलही न टाकता पुन्हा तीच रांग, तेच ट्रे. माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांच्याकडे नुकतीच विमानात मिळालेली पाण्याची बाटली होती. एकतर इथे प्या नाहीतर टाका, म्हणे. बिचारीने उभ्याउभ्या अर्धी प्यायली आणि तिला ठसका लागला. त्यांच्यापुढच्या एका बाईला बाळाच्या बाटलीतलं दूध चाखून दाखवायला लावलं. मी तेव्हाच पेटले होते. मग माझी पिशवी यंत्रातून गेली आणि पट्ट्यावरून सरळ न येता बाजूच्या वाटेला लागली. पलीकडे पन्नाशीचा एक तपासनीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पातळ मोजे. त्याने पिशवी उजेडात धरली, फिरवली, पावती वाचली, तारीख वाचली. मला वाटलं, झालं. पण त्याने खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पिशवी तिथे फाटली होती. दोन बोटं, फार तर तीन.

मग मी जे सुरू केलं ते तुझ्या कोर्टातल्या वकिलांनाही जमलं नसतं. वरची पट्टी शाबूत आहे की नाही? आहे. पावती आजची आहे की नाही? आहे. बाटलीचं बूच कंपनीने लावलंय तसंच आहे की नाही? आहे. मग? तो शांतपणे म्हणाला की पट्टी शाबूत आहे, पिशवी नाही. मी त्याच्या वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. कमरेला वॉकीटॉकी लावलेली एक बाई आली, तिने छापील कागद काढून मला वाचून दाखवला, जणू मला वाचता येत नाही. मी म्हटलं, मग ही बाटली माझ्या मोठ्या बॅगेत टाका. बॅग केव्हाच पुढे गेली होती. मग मला काउंटरवर जाऊन सामानात देऊ द्या. काउंटर बाहेर, आणि बाहेर जायला व्हिसा हवा. म्हणजे बाटलीला वाट मिळावी म्हणून मी आधी एका परक्या देशात शिरायचं. पलीकडे एक उंच निळं पिंप होतं. त्यात भरलेल्या बाटल्या, शांपू, मधाची बरणी, कुणाचं न उघडलेलं अत्तर. मी विचारलं, हे सगळं संध्याकाळी कोण घरी नेतं? त्यावर त्या बाईने तिसऱ्या माणसाला बोलावलं. माझ्यामागची रांग वाकून पाहत होती आणि मला कशाचीच शुद्ध नव्हती. तासभर, ताई. तासभर मी तिथे पाय रोवून उभी होते, आणि माझं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

तू इथे असतीस तर एकच प्रश्न विचारला असतास, साक्षीदार फार बोलायला लागला की न्यायाधीश विचारतात तसा. पिशवी फाटली कशी? मी फाडली. पहिल्या विमानात, निघून तीन तास झाल्यावर, बॉलपेनच्या टोकाने. त्यात एक चिठ्ठी सरकवायची होती म्हणून. शेजारच्या प्रवाशाने दिलेल्या वहीच्या पानावर मी तीन शब्द लिहिले होते, ‘चूक माझी होती’, आणि ती घडी बाटलीच्या मागे सरकवली. तू बाटली पाहशील, चहा आठवून हसशील, चिठ्ठी नंतर सापडेल, आणि मला ते तोंडाने म्हणावं लागणार नाही, असा माझा बेत. लोकांना नीट चावता यावं म्हणून मी आयुष्यभर दात बनवले, पण माझी जीभ दातांवाचूनच चावते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आई गेल्याच्या चौथ्या दिवशी मी पोचले. बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. मावशी, काका, शेजारचे मास्तर, तुझ्या कोर्टातल्या दोघी. तू सगळ्यांना पाणी देत होतीस. चार वर्षं तू आईच्या चादरी बदलल्यास, तिची नखं कापलीस, कोर्टातून दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तिला भरवलंस. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले, “आठ दिवस आधी हॉस्पिटलात नेलं असतंस, तर आई आज असती.” तू तांब्या खाली ठेवलास, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “झालं बोलून?” आणि आत गेलीस. त्यानंतर नऊ वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि नऊ वर्षं मी इकडे प्रत्येकाला सांगत आले की ताईने एका वाक्याचा केवढा बाऊ केला बघा.

त्या तपासनिसाने शेवटी पिशवी कापली आणि बाटली बाहेर काढली. तिच्याबरोबर ती घडी टेबलावर पडली. त्याने ती उलगडली. आपली लिपी त्याला कुठून येणार? त्याने कागद एकदा सुलटा धरला, एकदा उलटा, मग जुन्याच घडीवर दुमडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “हा कागद द्रव नाही. हा तुम्ही नेऊ शकता.” तो थट्टा करत नव्हता, खरंच मला माझा हक्क समजावत होता. मग त्याने बाटली पिंपात फेकली नाही, वाकून आत हळूच उभी ठेवली. घड्याळ पाहून म्हणाला की तुमचं गेट डाव्या हाताला आहे, बंद व्हायला वीस मिनिटं आहेत, निघा. सगळ्यांत जास्त मी त्या माणसावर चिडलेय. त्याने मला चिडायला काही ठेवलंच नाही.

तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. तू दोन बस बदलून विमानतळावर गेलीस. विमान उतरल्याचं फलकावर येऊन दोन तास झाले तरी तू कठड्याशी उभी होतीस. बाहेर येणारी माणसं संपली, साफसफाईवाले आले, तेव्हा तू निघालीस. घरी जाऊन माझ्यासाठी घातलेली नवी चादर काढून, घडी करून कपाटात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी कोर्टात तुझा निरोप समारंभ झाला आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची तू कुणालाच दिली नाहीस. मी लेकीला फोनवर म्हटलं की सुरक्षावाल्यांनी अडवलं, विमान चुकलं, पुढच्यात जागा नव्हती. तिने ते तुला सांगितलं तेव्हा तू फक्त “बरं” म्हणालीस म्हणे. तुझा तो “बरं” मी ओळखते. पस्तीस वर्षं साक्षी ऐकलेल्या बाईला खरं-खोटं कळायला वेळ लागत नाही.

विमान चुकलं नाही, ताई. गेटवर मी वेळेत पोचले. दार उघडं होतं, माणसं अजून आत जात होती, आणि मी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी माझं नाव तीनदा पुकारलं, तिन्ही वेळा चुकीचं, पण माझंच. हात रिकामे होते आणि रिकाम्या हाताने आले असते तर मला ते बोलावं लागलं असतं. दार लागलं. मी येत नाही म्हणून माझी बॅग उतरवायला विमान अर्धा तास खोळंबलं. काचेतून मी दोघा कामगारांना सगळ्या बॅगा उपसताना पाहत होते. मग मी परतीचं तिकीट काढलं. दहा दिवस मी पिशवीवर, नियमावर, त्या वॉकीटॉकीवालीवर राग काढतेय, कारण ज्या बाईवर काढायचा ती माझ्याच खुर्चीत बसलेली आहे. आणि तिने हे काही पहिल्यांदाच केलेलं नाही. आईच्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं की रजा मिळाली नाही. रजा आई असतानाच, सोमवारी मिळाली होती. आईला तशा अवस्थेत बघायची मला भीती वाटत होती, म्हणून मी एकेक दिवस पुढे ढकलत गेले. आणि त्याच्याही आधी, आई जायच्या आठ दिवस आधी, तू मला फोन करून विचारलं होतंस की हिला हॉस्पिटलात नेऊ का, आणि मी म्हणाले होते, “थांब, मी येते, मग ठरवू.” तू माझ्यासाठी थांबलीस. उशीर तुझा नव्हता. त्या भरल्या खोलीत तू हे एका वाक्यात सांगू शकली असतीस, आणि नऊ वर्षांत तू ते कुणालाही सांगितलं नाहीस, स्वतःच्या लेकीलासुद्धा नाही. येत्या एकवीस तारखेचं तिकीट मी काढलंय, थेट विमानाचं, मध्ये कुठे उतरायला जागाच नको. तू विमानतळावर येऊ नकोस, घर मला सापडतं. फक्त मावशी, काका, मास्तर आणि तुझ्या त्या दोघी मैत्रिणींना त्या दिवशी दुपारी घरी बोलावून ठेव. त्यांच्यासमोर मी जे म्हणाले होते ते मला त्यांच्यासमोरच परत घ्यायचंय. हे सगळं आधी लिहून पाठवतेय ते एवढ्याचसाठी की ते तुझ्या हातात लेखी असावं. ऐनवेळी माझी जीभ अडखळली, किंवा मी पुन्हा दुसऱ्या कुणावर घसरले, तर तू ऊठ आणि हे पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच, आणि या खेपेला नक्की येणारी,
ठिणगी